इंद्रायणीकाठचा खेळिया

नाशिक शहरात द्वारका या नावाचा एक चौक आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. दिवसरात्र वाहनांची वर्दळ असते. तरीही आसपासच्या गल्ल्यांत थोडी मोकळी जागा सापडली की मुले तेथे खेळ मांडतातच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझे वास्तव्य याच भागात आहे. एके दिवशी सायंकाळी चार-पाच मुले विटीदांडू खेळत होती. टोला जोराचा बसला आणि विटी भिरभिरत थेट माझ्या ओसरीवर येऊन पडली. टोला मारणारा मुलगा भीत भीत फाटकापाशी येऊन उभा राहिला. आता आपल्याला बोलणी बसणार, असे त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. त्या वेळी माझ्या मांडीवर तुकाराममहाराजांची गाथा उघडी होती. मी त्यास जवळ बोलावले आणि पाने उलटून एका अभंगाचे शीर्षक वाचावयास सांगितले. ते शीर्षक होते विटूदांडू. मुलाने ते दोनदा वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि संतसुद्धा विटीदांडू खेळत असत काय, असे विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला तुकोबांचे चरित्र पहिल्यापासून सांगावे लागले. मुलांनो, तेच आज तुम्हांलाही सांगतो.

द्वारकेच्या चौकातून निघालेला पुण्याचा रस्ता सिन्नर, संगमनेर, नारायणगाव ही गावे मागे टाकीत चाकणला पोहोचतो. तेथून थोड्या अंतरावर, इंद्रायणी नदीच्या काठी, देहू हे गाव आहे. इ. स. १६०८ च्या सुमारास तेथे बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. घराणे कुणब्याचे, धंदा वाण्याचा. गावच्या बाजाराची महाजनकी त्यांच्याकडे होती. शेतीवाडी, दुकान, सावकारी असे सगळे काही होते. विश्वंभरबाबा नावाच्या पूर्वजाने बांधलेले विठ्ठलाचे देऊळ घरचेच होते आणि पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. थोरला भाऊ सावजी, मधले तुकोबा आणि धाकटा कान्होबा. खाऊनपिऊन सुखी अशा घरातले हे मूल इंद्रायणीच्या वाळूत, देवळाच्या आवारात, गुराख्यांच्या पोरांत वाढले. पुढे त्यांच्या कवितेत खेळांचे शब्द इतक्या सहजतेने उतरले की, ते कोणत्याही पोथीतून उचललेले नसून धुळीत लोळून शिकलेले आहेत, हे वाचणाऱ्यास चटकन कळते.

परंतु हे खेळण्याचे दिवस लवकर सरले. सावजीचे मन संसारात रमेना. म्हणून बोल्होबांनी दुकानाचा भार तुकोबांच्या खांद्यावर ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, असे सांगतात. तुमच्याएवढाच मुलगा गल्ल्यावर बसून तराजू धरू लागला. प्रारंभी सारे नीट चालले. लोक वाहवा करू लागले. त्यानंतर मात्र संकटांनी जणू रांगच लावली. तुकोबा सतरा वर्षांचे झाले तोच आईबाप निवर्तले. पाठोपाठ वहिनी गेली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेला. अशातच १६२९ साली पाऊस पडला नाही. पुढची दोन वर्षे दख्खनेत जो दुष्काळ पडला, त्याची आठवण लोकांना पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गावेच्या गावे ओस पडली. गुरे दावणीला मेली. तुकोबांची थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. संतू नावाचा त्यांचा लहान मुलगाही गेला. दुकानाचे दिवाळे निघाले. ज्या बाजारात मान होता, त्याच बाजारात तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली.

या वेळी तुकोबा एकवीस-बावीस वर्षांचे होते.

माणूस अशा आघातांनी कडवट होतो किंवा वेडापिसा होतो. तुकोबा डोंगरावर गेले. देहूजवळ भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर आहेत. तेथील एकांतात त्यांनी ज्ञानेश्वरी वाचली, एकनाथांचे भागवत वाचले, नामदेवांचे अभंग मुखोद्गत केले. धाकटी पत्नी जिजाई, जिला लोक आवली म्हणतात, ती रोज भाकरी घेऊन डोंगर चढत असे. कथाकारांनी या बाईला कजाग म्हणून फार रंगविले आहे. मला ते रुचत नाही. घरात दाणा नाही, मुले भुकेली, आणि नवरा डोंगरावर. तरी त्याला घास भरविल्यावाचून जी स्वतः जेवत नसे, तिच्या तोंडी चार कठोर शब्द आले तर त्यात नवल ते काय?

डोंगरावरून परतल्यावर तुकोबांनी एक विलक्षण गोष्ट केली. लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद घरात होते. दुष्काळाने कुळेही त्यांच्यासारखीच नागवली होती. कान्होबाच्या वाटणीचे निम्मे कागद त्यांनी त्याच्या स्वाधीन केले, आणि आपल्या वाटणीचे निम्मे इंद्रायणीच्या डोहात सोडून दिले. सावकारी तेथेच संपली. मग पडझड झालेल्या विठ्ठलमंदिराची त्यांनी स्वतःच्या हातांनी डागडुजी केली आणि ते कीर्तनात उभे राहू लागले. पुढे एके रात्री स्वप्नात नामदेव विठ्ठलासह आले आणि त्यांनी कविता करण्याची आज्ञा केली, असे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेविले आहे.

आता प्रश्न असा की, ज्याच्या घरातील माणसे दुष्काळात गेली, ज्याचा धंदा बुडाला, त्याने पहिली कविता कशावर करावी? दुःखावर केली असती तर कुणासही आश्चर्य वाटले नसते. परंतु वारकरी परंपरा असे सांगते की, तुकोबांनी आरंभी रचले ते बाळक्रीडेचे अभंग, म्हणजे गोकुळातल्या कृष्णाच्या खेळांचे अभंग. हे मी प्रथम वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

या बाळक्रीडेत कृष्ण गवळ्यांच्या पोरांबरोबर गाई राखतो, शिदोऱ्या एकत्र करून काला करतो, आणि चेंडू खेळतो. खेळता खेळता चेंडू यमुनेच्या डोहात पडतो. त्या डोहात कालिया नावाचा विषारी सर्प राहत असतो. कृष्ण काठावरच्या कळंबावर चढतो आणि चेंडूसाठी खाली उडी घेतो. काठावरची पोरे रडू लागतात. गोकुळात बातमी पोहोचते आणि सारा गाव नदीकडे धाव घेतो. शेवटी कालियाला नमवून कृष्ण वर येतो. येथे एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. संस्कृत भागवतात कालियाची कथा आहे, कळंबाचे झाडही आहे. पण चेंडू नाही. तेथे कृष्ण सर्पाला घालवून देण्याच्या हेतूनेच उडी घेतो. चेंडू त्या गोष्टीत घातला तो आपल्या लोकभाषांतल्या कवींनी आणि कथेकऱ्यांनी. आपला चेंडू विहिरीत पडल्यावर जिवाची जी घालमेल होते ती ज्याने अनुभवली असेल, त्यालाच असा बदल सुचू शकतो.

भागवतात दुसरी एक गोष्ट मात्र आहे आणि ती वारकऱ्यांस फार प्रिय आहे. गोपाळांच्या खेळात असा नियम ठरला होता की, हरलेल्याने जिंकलेल्यास पाठीवर वाहून न्यावयाचे. एकदा कृष्ण हरला. तेव्हा त्याने मुकाट्याने श्रीदामा नावाच्या गवळ्याच्या पोरास पाठुंगळी घेतले. प्रत्यक्ष देव, पण डाव आला की तो द्यावाच लागतो; त्यात सवलत नाही. मैदानावरचा हा न्याय तुम्हांस ठाऊक आहे. पाटलाचा मुलगा असो की हमालाचा, विटी झेलली गेली की तो बाद झाला.

बाळक्रीडेशिवाय गाथेत खेळांच्या नावांचे स्वतंत्र अभंगच आहेत. हमामा, हुंबरी, हुतूतू, फुगड्या, टिपरी, चेंडूफळी, मृदंगपाट्या, विटूदांडू. यांपैकी काही खेळ आज तुम्ही पाहिलेले नसतील, म्हणून थोडे स्पष्ट करतो. हमामा आणि हुंबरी हे गुराख्यांच्या पोरांचे खेळ. तोंडाने घुमता आवाज काढीत, नाचत, उड्या मारीत ते खेळावयाचे. टिपरी तुम्हांस परिचित आहे. मृदंगपाट्या हे आट्यापाट्यांचे भावंड: जमिनीवर पाट्या आखून, त्या अडविणाऱ्या गड्यांना हुलकावणी देऊन पलीकडे जावयाचे. चेंडूफळी म्हणजे चेंडू आणि लाकडाची फळी. पुढे इंग्रजांचा क्रिकेट आपल्याकडे आला, तेव्हा काही मराठी लेखकांनी त्याला हेच जुने नाव देऊन टाकले होते.

विटीदांडूत जमिनीत लहानशी खळगी कोरून तीवर विटी आडवी ठेवतात आणि दांडूने ती कोलतात. या खेळाच्या एका प्रकारात वकट, लेंड, मुंड, नाल अशी मोजणी चालते. हे शब्द अर्थहीन नाहीत. तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार या अंकांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. दोन भाषांची मुले कोणे एके काळी एकत्र खेळली आणि त्यांच्या अंकांची नावे आपल्या मैदानात राहून गेली. तुकोबांच्या अभंगाच्या नावात मात्र विटी ही विटू झाली आहे. विटू आणि विठू हे शब्द ऐकावयास इतके जवळचे आहेत की क्षणभर कान फसतो.

खेळांवर अभंग लिहिणारे तुकोबा पहिले नव्हते. त्यांच्या आधी पैठणच्या एकनाथमहाराजांनीही हमामा, हुतूतू, फुगडी अशा खेळांवर रचना केल्या होत्या. या सर्व अभंगांत वरचा थर खेळाचा असतो आणि आतला थर परमार्थाचा. हुतूतूचेच उदाहरण घ्या. गडी दम धरून पलीकडच्या अंगणात जातो. दम तुटण्यापूर्वी परत आला तर जगला, नाही तर मेला. मेलेला गडी बाहेर बसतो आणि पुन्हा जिवंत होऊन खेळात येतो. जाणे, येणे, मरणे, पुन्हा जन्मणे हे शब्द आपण मैदानात किती सहज वापरतो! जीवाच्या येरझारा सांगू इच्छिणाऱ्या कवीला याहून सोपी भाषा कोठे मिळणार? ऐकणारा शेतकरी निरक्षर असला तरी लहानपणी हुतूतू खेळलेला असतोच. त्याला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून या कवितांना केवळ दृष्टांत समजणे मला पुरेसे वाटत नाही. तुकोबांना खेळ खरोखरच आवडत होता. त्यांचा एक अतिशय प्रसिद्ध अभंग पंढरपूरच्या वाळवंटातील खेळाचे वर्णन करतो. चंद्रभागेच्या वाळूत वैष्णवांनी खेळ मांडला आहे, टाळमृदंगाच्या घोषात ते नाचत आहेत, कुणाला आपल्या वर्णाचा अभिमान उरलेला नाही, जात विसरून सारे एकमेकांच्या पाया पडत आहेत, असे ते चित्र आहे. आज हे वाचताना आपणास त्यात काही धाडसाचे वाटत नाही. त्या काळी वर्ण विसरून दुसऱ्याच्या पाया पडणे ही साधी गोष्ट नव्हती. वाटेने चालताना, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर कोणी कोठे थांबावे, हे जन्मानेच ठरलेले असे. खेळात मात्र ते मोडत होते, आणि तुकोबांनी तेवढेच उचलून अभंगात ठेविले.

मुलांवर त्यांचा लोभ होता, याची एक कथा घरोघर सांगितली जाते. एकदा एका शेतकऱ्याने तुकोबांना उसाची मोळी दिली. वाटेत गावातली पोरे भोवती जमली. एकेकाने एकेक ऊस मागितला आणि तुकोबा देत गेले. घरी पोहोचले तेव्हा हातात एकच ऊस उरला होता. जिजाईला संताप आला. तिने तोच ऊस त्यांच्या पाठीत मारला आणि त्याचे तुकडे झाले. तुकोबा हसले, आणि वाटणी करण्याचे आपले काम तिने परस्पर केले, असे म्हणून त्यांनी ते तुकडे घरात वाटून टाकले. ही कथा सांगताना लोक हसतात. पण त्या दिवशी जिजाईच्या घरात उसाखेरीज दुसरे काही होते की नाही, हेही आठवावे.

देहूची कीर्तने हळूहळू पंचक्रोशीत गाजू लागली. चाकणचे संताजी जगनाडे तेली होते. ते अभंग लिहून घेऊ लागले. गंगाराम मवाळ हे ब्राह्मण होते. तेही लिहून घेऊ लागले. अठरापगड जातींचे लोक कुणब्याच्या तोंडून वेदान्त ऐकू लागले, तोही मराठीत, आणि तोही चेंडूफळी-फुगडीच्या शब्दांत. हे सर्वांना सहन होणे शक्य नव्हते. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे मोठे विद्वान होते. वेदांचा अर्थ सांगण्याचा अधिकार शूद्रास नाही, असे त्यांचे मत होते. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे ते बोलत होते. त्या शास्त्रातच अन्याय होता. त्यांच्या शब्दास वजन होते. तुकोबांनी अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्यात, असा त्यांनी निर्णय दिला.

तुकोबांनी वाद घातला नाही. वह्यांचे गाठोडे बांधले, त्याला दगड बांधले आणि ते इंद्रायणीच्या डोहात सोडले. ज्या नदीत पूर्वी कर्जाचे कागद गेले होते, तीच ही नदी. गावातील काही लोकांना ही संधीच मिळाली. पूर्वी कागद बुडवून संसार घालविला, आता वह्या बुडवून परमार्थही घालविला, असे ते टोचून बोलू लागले. कर्जाचे कागद बुडविताना तुकोबांचा हात थरथरला नव्हता. या वेळी मात्र ते खचले. नदीकाठी एका शिळेवर त्यांनी अन्नपाणी वर्ज्य करून धरणे धरले. चेंडूसाठी डोहात उडी घेणारा कृष्ण ज्याने गाइला, तो स्वतः आता डोहाच्या काठी बसून होता, आणि त्या गोपाळांप्रमाणे पाण्याकडे पाहत होता.

असे तेरा दिवस गेले.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्याच्या कोरड्या पाण्यावर तरंगत वर आल्या, असे भाविक सांगतात. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, ते अभंग तोवर शेकडो लोकांस पाठ झालेले होते. गाठोडे बुडाले तरी लोकांच्या जिभेवरून ते बुडविणे कुणास शक्य नव्हते. देहूच्या मंदिरात तुकोबांच्या हातची मानली जाणारी एक जुनी वही जपून ठेवलेली होती, तिला लोक भिजकी वही म्हणत. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा या गोष्टीचा विचार तुमच्या बुद्धीप्रमाणे करा. मला स्वतःला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते, ती म्हणजे रामेश्वरभट्टांचे पुढे काय झाले ही. ते तुकोबांचे शिष्य झाले. ज्या विद्वानाने कुणब्याच्या वह्या बुडवावयास लावल्या, तोच पुढे त्याच्या कीर्तनात टाळकऱ्यांबरोबर उभा राहिला आणि त्याने तुकोबांच्या स्तुतीचे अभंग रचले. श्रीदाम्याला पाठीवर घेणाऱ्या कृष्णाप्रमाणेच त्यांनीही आपला डाव चुकविला नाही.

त्यानंतर तुकोबांच्या कीर्तनांची कीर्ती दूरवर पसरली. शिऊरच्या बहिणाबाई, जातीने ब्राह्मण, त्यांना गुरू मानून देहूस आल्या. त्यांनी तुकोबांविषयी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेविले आहे. शिवाजीमहाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी आदरपूर्वक परत केला, अशीही कथा आहे. मिळालेले धन घरात न ठेवण्याची त्यांची रीत पाहता ती कथा त्यांस शोभते.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, तुकोबा देहूतून वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या तिथीला तुकाराम बीज म्हणतात. त्यांचे वय तेव्हा बेचाळिशीच्या आसपास होते.

अभंग मात्र चालतच राहिले. दोनशे वर्षे ते हस्तलिखित वह्यांतून आणि त्याहीपेक्षा अधिक गळ्यांतून फिरले. पुढे मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये खर्चास दिले, विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ठिकठिकाणच्या वह्या मिळवून पाठ ताडून पाहिले, आणि १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला भाग बाहेर पडला. त्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. देवाशी भांडणारे आहेत, ढोंग्यांना फटकारणारे आहेत, एकट्याने रात्री रडणारे आहेत. आणि त्यांच्या शेजारी, त्याच अक्षरात, त्याच मानाने, हमामा आणि हुतूतू बसलेले आहेत. संपादकांनी त्यांस क्षुल्लक म्हणून गाळले नाही, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच.

आषाढात कधी पालखीच्या वाटेवर गेलात तर विसाव्याच्या ठिकाणी थोडा वेळ थांबा. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, देहूहून तुकोबांची, आळंदीहून ज्ञानदेवांची. दिवसभर चाललेली माणसे खांद्यावरच्या पताका बाजूला टेकवितात आणि खेळावयास लागतात. सत्तरीचा म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याचे हात धरून फुगडी घालतो. धोतराचा काचा मारून शेतकरी हुतूतूचा दम धरतात. पंढरीला मी दोनदा पायी गेलो आहे. एका मुक्कामी अशाच एका आजोबांनी मला फुगडीसाठी ओढले. माझ्या पायात बूट होते आणि मनात मुख्याध्यापकपणाचा संकोच होता. मी नको नको म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी माझा हात सोडला आणि ते दुसऱ्याकडे गेले. तो हात मी धरावयास हवा होता, असे आजही वाटते.

एवढे सारे त्या सायंकाळी ओसरीवर सांगून होईपर्यंत दिवेलागण झाली होती. मुलाने सगळे शांतपणे ऐकले. मग त्याने विचारले की, वह्या पाण्याखाली असताना तुकोबांना त्यांतले अभंग आठवत होते की नाही. आठवत असणारच, मी म्हणालो. मग ते रडले कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. तेवढ्यात फाटकाबाहेरून त्याच्या सवंगड्यांनी हाक मारली. ते अजून खोळंबून उभे होते, कारण डाव त्याचाच होता. विटी मुठीत घट्ट धरून तो पळाला.